विश्लेषण : अभ्यासाच्या खोलीत लाकडी तुळया हव्यात? स्टेनच्या डब्याआधी लाकडावरचा शिक्का पाहा

पनवेलहून उरणच्या दिशेने निघाले, की गव्हाण फाट्यानंतर रस्त्याकडेला कंटेनरच्या थप्प्या दिसू लागतात आणि त्यांच्याच शेजारात जासई लागते. लोकनेते दि. बा. पाटील यांचे हे जन्मगाव. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात भूसंपादनाविरोधात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. त्यानंतर १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी जवळच्या चिर्ल्यापर्यंत येणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले.

या काळात गावोगावची कौलारू घरे उतरली आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. कौलारू घरात तुळई, आढे, वासे हा घराचा सांगाडाच होता; तो काढला तर छप्पर खाली. स्लॅबच्या घराला त्याची गरज उरली नाही. आता मात्र तेच लाकूड शोभेसाठी परत येऊ लागले आहे. मुलाच्या अभ्यासाची वेगळी खोली, छताला चार गडद तुळया, भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि पिवळसर दिवा असा फोटो मोबाइलवर दाखवायचा आणि सुताराला सांगायचे, 'असंच पाहिजे.'

फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की तुळईचा रंग शेवटच्या दिवशी ब्रशने ठरत नाही. लाकूड कुठून आले, ते किती सुकले आहे आणि त्याला आधी काय काय लागले होते, यावर तो ठरतो. भिंतीचा रंग चुकला तर दुसरा हात मारून झाकता येतो. डोक्यावरच्या तुळईचा चुकला, तर शिडीवर मान वर करून पॉलिश पेपर चालवावा लागतो आणि सगळी धूळ डोळ्यांत येते. शिवाय ही खोली दिवाणखान्यासारखी येता-जाता वापरायची नसते. दहावी-बारावीचे मूल तिथे दार लावून रोज काही तास बसणार असते.

बंदराच्या शेजारी लाकूड स्वस्त का मिळते?

यंत्रे, काच, फरशा, सुटे भाग यांसारखा माल बंदरात उतरतो तो बहुतेकदा पाइनच्या खोक्यांत आणि पॅलेटवर बांधून. माल पुढे गेला, की खोकी फोडली जातात आणि फळ्या भंगारवाल्यांकडे विक्रीला येतात. रंगाने फिक्या पिवळ्या, वजनाला हलक्या, खिळा सहज घेणाऱ्या. सागाच्या तुलनेत किंमत फारच कमी. त्यामुळे शोभेच्या तुळईसाठी हा पाइन पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतो आणि त्यात वावगे काही नाही, पण त्याची कागदपत्रे त्याच्या अंगावरच छापलेली असतात. ती वाचून घ्यावीत.

परदेशी मालाच्या लाकडी पॅकिंगमधून किडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत, म्हणून आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ मध्ये एक मानक ठरवण्यात आले. त्याला 'आयएसपीएम १५' म्हणतात. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर चौकटीतला शिक्का असतो : गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरे.

खरे पाहायचे ते या शेवटच्या अक्षरांकडे. इंग्रजीत 'एचटी' असेल, तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. त्याच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे ठेवलेले असते. 'एमबी' असेल, तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. हा वायू माणसासाठी विषारी आहे आणि ओझोनच्या थरालाही घातक. मॉन्ट्रियल करारानुसार विकसनशील देशांनीही त्याचा सर्वसाधारण वापर २०१५ पर्यंत थांबवायचा होता. क्वारंटाइनसाठीच्या धुरीला मात्र सूट आहे, म्हणून हा शिक्का अजून दिसतो. वायू काळाच्या ओघात उडून जातो हे खरे. तरीही शेजारच्या ढिगात 'एचटी'च्या फळ्या असताना बंद खोलीसाठी 'एमबी'ची फळी उचलण्याचे कारण नाही.

वायूपेक्षा जास्त काळजी सांडलेल्या मालाची घ्यावी. खोक्यात काय भरले होते, हे शिक्का सांगत नाही. तेलकट डाग, उग्र वास, रंगीत ओघळ असलेली फळी कितीही सरळ असली तरी बाजूला ठेवलेली बरी. रंधा मारून वरचा थर निघतो, आत मुरलेले तेल निघत नाही आणि पुढे नेमके तिथेच पॉलिश धरत नाही.

आणखी एक लाकूड या भागात मिळते : मोडीत काढलेल्या कंटेनरच्या तळाचा प्लाय. सुमारे २८ मिलिमीटर जाड, दणकट, दिसायला मोहात पाडणारा. समुद्रप्रवासात कीड लागू नये म्हणून या प्लायला कीटकनाशक दिलेले असते आणि त्यावर वर्षानुवर्षे कोणकोणता माल सरकलेला असतो. अंगणातल्या शेडसाठी त्याचा विचार करता येईल. अभ्यासाच्या खोलीत तो नको.

आजोबांच्या घराचे वासे वापरायचे असतील तर?

हा पर्याय पाइनपेक्षा अवघड आहे, पण जमला तर त्याला तोड नाही. कोकणातल्या जुन्या घरांत साग, ऐन, किंजळ अशी लाकडे असत. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले लाकूड ज्या पद्धतीने सुकते, तसे नवे लाकूड कोणत्याही वखारीत सुकलेले मिळत नाही. घर उतरवताना निघालेला एखादा वासा किंवा तुळईचा तुकडा नातवाच्या टेबलावर छताला लागला, तर त्याची किंमत घनफुटात मोजायची नसते.

अडचण लाकडाची नसते, त्यावर चढलेल्या थरांची असते. चुलीचा धूर, वाळवीसाठी फासलेले डांबर, चुना आणि सणासुदीला मारलेला तेलरंग. यातला तेलरंग सर्वांत धोक्याचा. भारतात घरगुती रंगांमध्ये शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरडा घासला, की त्याची धूळ श्वासातून आणि हातातून मुलांच्या पोटात जाते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. अभ्यासाची खोली सजवताना हा धोका घरात आणणे म्हणजे उलटाच हिशोब झाला.

त्यामुळे जुना तेलरंग ओला ठेवूनच खरवडावा, घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून. मुलांना आणि गरोदर स्त्रीला लांब ठेवून. काम करणाऱ्याने साधा रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण अडवणारा मास्क हवा. खरवडलेला रंग चुलीत किंवा शेकोटीत अजिबात घालू नये. जाळण्याच्या यंत्राने, म्हणजे ब्लो लॅम्पने, रंग उडवण्याची जुनी पद्धतही इथे टाळावी, कारण शिसे वाफेच्या रूपात नाकात जाते. डांबर फासलेला भाग तर कापूनच टाकावा. कितीही सीलर मारला तरी उन्हाळ्यात तो तपकिरी होऊन वर येतोच.

मग खिळे. सागात आणि ऐनात टॅनिन असते आणि ओल्या लोखंडाशी त्याचा संबंध आला, की काळा डाग पडतो. खिळा काढल्यावर राहिलेले काळे वर्तुळ ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने बरेच उजळते. हातमोजे घालून लावावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यावे. अर्थात, ही वर्तुळे ठेवायची की काढायची, हा आवडीचा प्रश्न आहे. नव्या लाकडावर मुद्दाम हातोडीने खड्डे पाडून जुनेपणा आणणारेही असतात. खरा जुना वासा हाती असताना त्याचे डाग पुसून तो नवा कशाला करायचा, असेही म्हणता येईल.

तुळईचे वजन किती आणि ते कोण पेलणार?

समजा, खोली दहा बाय बारा फुटांची आहे आणि दहा फूट लांब, चार इंच रुंद, सहा इंच उंच अशा चार तुळया लावायच्या आहेत. एका भरीव तुळईत १.६७ घनफूट लाकूड लागते. सुका पाइन घनफुटाला साधारण १४ किलो भरतो, म्हणजे एक तुळई २३-२४ किलो. सागाची असेल तर तीस किलोच्या आसपास. चार तुळया म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांएवढे वजन मुलाच्या डोक्यावर.

म्हणूनच शोभेची तुळई भरीव करण्याची गरज नसते. पाऊण इंची तीन फळ्या जोडून इंग्रजी 'यू'च्या आकाराची पोकळ पेटी केली, तर दिसायला तीच तुळई आणि लाकूड व वजन निम्मे. स्लॅबला आधी एक जाड लाकडी पट्टी अँकर फास्टनरने पक्की करतात, पेटी त्या पट्टीवर खालून चढवतात आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू मारतात. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगला तुळई लटकवणे हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे; फॉल्स सीलिंग स्वतःचेच वजन पेलण्यासाठी असते. आधी पट्टी स्लॅबला आणि मग सीलिंग, हा क्रम सुताराला आणि पीओपीवाल्याला एकत्र उभे करून सांगावा, नाहीतर प्रत्येक जण आपले काम करून निघून जातो. ड्रिल मारण्याआधी स्लॅबमधले वायरिंगचे पाइप कुठून गेले आहेत, तेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात साधा स्क्रू गंजतो आणि गंजाचा ओघळ पॉलिशवर उतरतो.

फोटोतल्या परदेशी खोल्यांत सहसा पंखा नसतो. आपल्याकडे असतो. छताला सहा इंची तुळया लावल्यावर पंख्याची पाती तुळईच्या खालच्या कडेच्या अगदी जवळ आली, तर पंखा फिरतो पण वारा लागत नाही. पंख्याचा दांडा लांब घ्यावा लागतो आणि पाती जमिनीपासून आठ फुटांच्या खाली येऊ द्यायची नसतात. साडेनऊ फुटांच्या छताला हे गणित जेमतेम बसते. छत त्याहून कमी असेल, तर चार इंचांची तुळई पुरे, आणि रंगही फार गडद नको.

पाइनला स्टेन लावला, की चट्टे का पडतात?

निराशा होते ती इथेच. दुकानात वॉलनटचा नमुना सुंदर दिसतो, तोच डबा घरी पाइनच्या फळीवर लावला, की कुठे काळे, कुठे पिवळे असे चट्टे उमटतात. दोष डब्याचा नसतो.

पाइनच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीत दोन पट्टे असतात. वसंतात वाढलेला भाग फिका आणि मऊ, नंतर वाढलेला भाग गडद आणि कडक. स्टेन लावला, की मऊ भाग तो स्पंजासारखा पितो आणि कडक भाग फारसा घेत नाही. परिणामी मुळात फिका असलेला पट्टा काळा होतो आणि गडद पट्टा फिका राहतो. जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हसारखे चित्र उलटे होते. त्यात फळीचा काही भाग आडवा-तिडवा वाढलेला असेल, तर तिथे धब्बा पडतो. फळीच्या कापलेल्या टोकाला तर नळ्यांची तोंडे उघडी असतात, तिथला रंग सगळ्यांत काळा.

उपाय असा, की लाकडाची तहान स्टेनच्या आधीच थोडी भागवायची. बाजारात यासाठी वुड कंडिशनर मिळतो. पण पॉलिशवाल्यांची जुनी चपडा लाख हेच काम करते. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १०० ते १२५ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घेतला, की पातळ द्रावण तयार होते. त्याचा एक हात द्यायचा, सुकू द्यायचा आणि बारीक पेपर हलकेच फिरवायचा. मग स्टेन सारखा बसतो, फक्त थोडा फिका बसतो. वरचा थर पीयूचा देणार असाल, तर मेण काढलेला चपडा मागावा. साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. पाइनच्या गाठींवर मात्र याच चपड्याचे दोन-तीन दाट हात द्यावे लागतात, नाहीतर गाठीतली राळ उष्णतेने पाझरून चिकट पिवळा डाग पडतो आणि छताजवळची हवा खोलीतली सर्वांत गरम असते.

दुसरा मार्ग जेल स्टेनचा. तो दाट असल्याने आत कमी मुरतो, वरच बसतो. उभ्या किंवा उलट्या पृष्ठभागावर ओघळही कमी येतात. नवख्या हाताला हा मार्ग सोपा. मात्र त्यात लाकडाची रेषा थोडी झाकली जाते.

घासण्याबाबत एक गैरसमज आहे, की जितके गुळगुळीत तितके चांगले. स्टेन लावायचा असेल तर तसे नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२० आणि मग १५० किंवा १८० वर थांबावे, आणि रेषेच्याच दिशेने घासावे. त्याहून बारीक पेपर मारला, की पृष्ठभाग चकचकीत होतो आणि रंग आत जायला वाटच उरत नाही. कापलेली टोके मात्र मुद्दाम जास्त बारीक घासावीत, म्हणजे ती कमी रंग पितील. आडवा मारलेला एक ओरखडा कोऱ्या फळीवर दिसत नाही. स्टेन लागला की तो ओरडून सांगतो.

सागाचे दुखणे याच्या उलट आहे. तो रंग सारखा घेतो, पण त्याच्या अंगात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे तेलावर आधारलेले स्टेन आणि काही पॉलिश लवकर सुकत नाहीत, हाताला चिकटत राहतात. थर देण्याच्या थोडा वेळ आधी थिनरच्या फडक्याने पुसून घेतले, की वरचे तेल निघते. अर्धा दिवस थांबले, तर ते पुन्हा वर येते.

रंगाची छटा ठरवायला त्याच लाकडाचा उरलेला दोन फुटी तुकडा घ्यावा. त्यावर घासण्यापासून शेवटच्या थरापर्यंत सगळे टप्पे करावेत आणि तो तुकडा त्याच खोलीत, छताजवळ धरून, रात्री त्याच दिव्याखाली पाहावा. अंगणात उन्हात पाहिलेला वॉलनट पांढऱ्या एलईडीखाली राखाडी दिसतो आणि पिवळ्या दिव्याखाली लालसर. दोन पावले मागे जाऊन, खुर्चीवर बसून पाहावे, कारण पुढची दहा वर्षे तो तिथूनच दिसणार आहे.

पावसाळ्यात हे काम का करू नये?

लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. हवेतील आर्द्रता ६० टक्के असेल, तर लाकडातली ओल कालांतराने ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. आर्द्रता ९० टक्के झाली, की ती २० टक्क्यांपर्यंत चढते. उरण-पनवेलच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दुसऱ्या आकड्याच्या जवळ असते आणि एसी लावलेली बंद खोली पहिल्या आकड्याच्या.

याचा परिणाम मिलिमीटरमध्ये मोजता येतो. पाइनची फळी ओलीच्या दर एक टक्क्याला रुंदीत साधारण पाव टक्का आक्रसते. सहा इंच रुंद फळी १७ टक्के ओल असताना जोडली आणि खोलीत ती ११ टक्क्यांवर आली, तर ती सव्वादोन मिलिमीटरने अरुंद होते. सांधा उघडतो आणि त्या फटीतून न रंगवलेली पांढरी रेघ डोकावू लागते. ऑगस्टमध्ये बसवलेली तुळई मार्चमध्ये 'फाटली' अशी तक्रार येते, ती बहुतेक वेळा ही असते.

ओल मोजायचे दोन काट्यांचे छोटे यंत्र मिळते. ते नसेल, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. त्याच लाकडाचा एक तुकडा, तुळई जिथे लागणार त्या खोलीत ठेवून दर रविवारी त्याचे वजन करावे. सलग दोन-तीन आठवडे वजन घटायचे थांबले, की लाकूड खोलीशी जुळले असे समजावे. फळ्याही याच काळात खोलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचाव्यात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कामाला उत्तम. तरी दिवसातली वेळ पाहावी लागते. पहाटे दव असते आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा रस्त्यावरची ट्रेलरची धूळ ओल्या पॉलिशवर आणून बसवतो. सकाळी दहा ते एक ही त्यातल्या त्यात बरी वेळ.

कीड-वाळवीचा बंदोबस्तही रंगाआधीच करायचा असतो. 'एचटी' शिक्क्याचा अर्थ लाकडात तेव्हा असलेले किडे मेले एवढाच. पुढे नवे किडे लागणार नाहीत, अशी हमी त्यात नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी कोऱ्या लाकडाला सर्व बाजूंनी, विशेषतः टोकांना पाजून, पूर्ण सुकवून मग पुढे जावे. पॉलिश झाल्यावर ते आत शिरत नाही.

वरचा थर कोणता द्यावा?

स्टेन फक्त रंग देतो, संरक्षण देत नाही. चपड्याचे स्पिरिट पॉलिश दिसायला आजही सर्वांत सुंदर. पुण्यातल्या विश्रामबागवाड्यासारख्या जुन्या वास्तूंतले सागकाम पाहिलेल्या माणसाला जी उबदार झाक आठवते, तिच्या जवळ जाणारे. पण पाणी लागले की त्यावर पांढरे डाग पडतात. छताला हात लागत नाही, पाणी सांडत नाही, म्हणून वर गळती नसेल तर तुळईसाठी ते चालू शकते. आणि ते कधीही पुन्हा जुळवता येते, हा मोठा फायदा.

एनसी लॅकर झटपट सुकते, म्हणून कंत्राटदारांना आवडते. दमट हवेत मात्र त्यातला द्रावक इतक्या वेगाने उडतो, की पृष्ठभाग थंड होऊन हवेतली वाफ त्यावर धरते आणि दुधाळ पांढरी झाक येते. मेलामाइन कडक आणि टिकाऊ आहे, पण ते सुकताना आणि नंतरही काही काळ त्यातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते. डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. दोन डब्यांचे पीयू त्याहून चांगले, मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि बंद खोलीत त्याचा फवारा मारणे दम्याला निमंत्रण देणारे आहे. पाण्यात मिसळणारे पीयू महाग पडते, सागावर थोडे कोरडे दिसते, पण वास कमी असतो. अभ्यासाच्या खोलीसाठी हेच घ्यावे, तेही मॅट. चकचकीत तुळईत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसत राहते.

कोणताही थर असो, तो जमिनीवरच द्यावा. पेटी दोन घोड्यांवर उलटी ठेवून आत-बाहेर, टोकांना, वरून न दिसणाऱ्या भागालाही किमान एक हात. आतली बाजू कोरी राहिली, तर ओल तिथूनच शिरते आणि फळी वाकते. सगळे सुकल्यावरच तुळई वर चढवावी. वर गेल्यावर फक्त स्क्रूच्या भोकांत त्याच रंगाची लांबी भरून ब्रशचा हलका हात. मग खिडक्या उघड्या ठेवून किमान आठवडाभर खोली रिकामी. परीक्षा तोंडावर असेल, तर काम पुढे ढकलावे.

चिंध्यांनी आग लागते, हे खरे आहे का?

अगदी खरे. अळशीचे तेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे बेलतेल, आणि तेलावर आधारलेले अनेक स्टेन हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतात. या क्रियेत उष्णता निघते. फळीवर ती हवेत निघून जाते. पण तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात फेकल्या, की उष्णता आतच कोंडते, तापमान चढत जाते आणि काही तासांनी, घरात सगळे झोपलेले असताना, काडी न ओढता पेट घेते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला लागलेली आग अशीच सुरू झाली होती. २२व्या मजल्यावर लाकडी पॅनेलना नव्याने पॉलिश करण्याचे काम चालू होते आणि अळशीच्या तेलाच्या चिंध्या तिथेच पडून राहिल्या होत्या. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले आणि इमारत पुन्हा कधीच वापरात आली नाही. पुढे ती पाडावी लागली.

जासईतल्या एखाद्या घरात काम संपते संध्याकाळी सहाला आणि चिंध्या राहतात लाकडाच्या भुशाशेजारी. दिवसाचे काम आटोपले, की चिंध्या बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवाव्यात, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवाव्यात. पॉलिशवाला गेल्यावर घरातल्या मोठ्या माणसाने एकदा खोलीत फिरून यावे. थिनर आणि स्पिरिटचे डबे रात्री खोलीत ठेवू नयेत, देव्हाऱ्याच्या किंवा गॅसच्या जवळ तर नाहीच.

नमुन्याचा तो दोन फुटी तुकडा टाकून देऊ नये. मागे स्टेनचे नाव, किती हात दिले, कोणता थर आणि तारीख लिहून कपाटावर ठेवावा, सोबत छोट्या बाटलीत उरलेला स्टेन. पहिला पावसाळा जाऊन पहिला उन्हाळा आला, की एखाद्या सांध्यात केसाएवढी पांढरी रेघ दिसण्याची शक्यता असतेच, आणि तेव्हा दुकानात जाऊन तीच छटा मिळणे कठीण असते. बारीक ब्रशने त्या रेघेत थोडा स्टेन सोडला, की काम भागते.